वाळू कुणावर पडते

मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यावर बाबांनी पहिली इच्छा सांगितली ती राणीच्या बागेत जायची. वय चौऱ्याऐंशी. गिरगावातल्या चाळीच्या दुसऱ्या मजल्यावरून खाली उतरायला त्यांना दहा मिनिटं लागतात. मला वाटलं, झाडं बघायची असतील. तर म्हणाले, "झाडं नाहीत, पुतळे. आणि त्यालाही बोलाव, लालबागहून."

'तो' म्हणजे काका. बाबा दिवसा गिरगावातल्या शाळेत शिकवत आणि संध्याकाळी परळच्या रात्रशाळेत इंग्रजी. काका तिथले त्यांचे विद्यार्थी. दिवसपाळी करून, अंगावरचे कापसाचे तंतू झटकून वर्गात येऊन बसणारे. पुढे ते गिरणीत साच्यावर कायम झाले. 1982 चा संप आला, गिरणी गेली आणि काकांनी दादरला फुलं विकायला सुरुवात केली. आज तेही सत्तरी ओलांडून गेलेत. बाबा त्यांना अजून 'तू' म्हणतात आणि काका बाबांना 'सर'.

रविवार असल्यामुळे बागेत पोरांची झुंबड होती. सगळी पेंग्विनकडे धावत होती. डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या मागच्या हिरवळीवर मात्र आम्ही तिघंच. तिथे एकेकाळी या शहरावर हुकूम चालवणारी माणसं दगडाची होऊन ठाण मांडून आहेत. एकदोघांची डोकीच उडालेली आहेत. व्हिक्टोरिया राणी सिंहासनावर बसलेली आहे आणि तिचं नाक तुटलेलं आहे.

बाबा तिच्यासमोर बराच वेळ उभे राहिले. मग काकांना म्हणाले, "आठवते का रे, तुम्हाला शिकवली होती ती शेलीची कविता? वाळवंटातल्या मोडक्या पुतळ्याची?"

"ऑझिमँडियस," काका पटकन म्हणाले. "पुस्तकात नव्हती. तुम्ही फळ्यावर लिहून दिली होतीत. फळा छोटा, म्हणून दोनदा पुसून."

"आज मला ती इथे दिसते आहे. ही बाई अर्ध्या जगाची राणी होती. बडोद्याच्या खंडेराव महाराजांनी मॅथ्यू नोबल नावाच्या शिल्पकाराकडून हिचा संगमरवरी पुतळा करवून घेतला. 1872 साली व्हाइसरॉय लॉर्ड नॉर्थब्रुकने त्याचं अनावरण केलं. तोवर पुतळा देणारे खंडेराव वारलेसुद्धा होते. आणि पुढे तीनच वर्षांत, 1875 मध्ये, याच राणीच्या सरकारने त्यांच्या गादीवर आलेल्या मल्हाररावांना पदच्युत केलं. 1896 साली चापेकर बंधूंनी रात्री जाऊन हिच्या तोंडाला डांबर फासलं, गळ्यात जोड्यांची माळ घातली. पुढच्याच वर्षी हिच्या राज्याचा हीरक महोत्सव झाला, त्याच रात्री पुण्यात प्लेगचा अधिकारी रँड याच्यावर गोळी झाडली गेली. आणि आज हिच्याकडे बघायलाही कुणाला वेळ नाही. शेलीला हेच तर सांगायचं होतं! सत्ता स्वतःला अमर समजते आणि काळ तिला वाळूत गाडतो."

काका काही बोलले नाहीत. पुतळ्याच्या चौथऱ्याभोवती एक चक्कर मारून आले आणि मग म्हणाले, "सर, एक विचारू? राग मानू नका."

"विचार की."

"डांबर फासणाऱ्यांचं पुढे काय झालं?"

"दामोदर चापेकरांना फाशी झाली. 1898 मध्ये. मग भावांनाही."

"आणि राणी?"

"राणी 1901 मध्ये वारली."

"म्हणजे आपल्या बिछान्यात. सत्ता गेली खरी, पण गेली ती डांबर फासणाऱ्याच्या नातवाच्या वेळेला. सर, तुमची कविता खरी आहे. पण ती फार लांबून बघते. तीन हजार वर्षांवरून बघितलं तर कुठलाही राजा वाळूतच दिसणार. आम्हाला पुढच्या पगाराच्या तारखेपर्यंतचं बघावं लागत होतं."

बाबा सिमेंटच्या बाकावर बसले. वाद घालायचा असला की ते आधी बसून घेतात, ही त्यांची जुनी सवय.

"लांबून बघते, हा दोष म्हणतोस? तोच तिचा गुण आहे. आता हे ऐक. शेलीने ती कविता 1817 च्या डिसेंबरात लिहिली आणि 1818 च्या जानेवारीत ती लंडनच्या 'एक्झामिनर' साप्ताहिकात छापून आली. तो इजिप्तला कधी गेलाच नव्हता. जुन्या ग्रीक इतिहासकाराने वर्णन केलेला दुसऱ्या रॅमसिसचा पुतळा त्याने मनानेच बघितला. आता त्याच वेळी आपल्याकडे काय चाललं होतं ते बघ. 5 नोव्हेंबर 1817 ला खडकीची लढाई झाली. 17 नोव्हेंबरला शनिवारवाड्यावर इंग्रजांचं निशाण चढलं. म्हणजे निशाण चढल्यावर दीड महिन्याच्या आतच, निशाण चढवणाऱ्यांच्याच देशातला पंचविशीचा एक पोरगा लिहितो आहे की कुठलंच साम्राज्य टिकत नाही. पुढच्या जूनमध्ये बाजीराव पेशवा इंग्रजांच्या माल्कमच्या स्वाधीन झाला, आठ लाखांची पेन्शन घेऊन बिठूरला गेला. शनिवारवाडा 1828 मध्ये जळाला, आज नुसता कोट आणि चौथरे उरलेत. आणि निशाण चढवणाऱ्यांचं काय झालं? पंचम जॉर्ज 1911 मध्ये अपोलो बंदरावर उतरला, त्याच्या आगमनाची आठवण म्हणून गेटवे बांधायला घेतला. तो पुरा व्हायला 1924 साल उजाडलं. आणि 1948 च्या फेब्रुवारीत गोऱ्यांची शेवटची पलटण त्याच कमानीतून बोटीवर चढली. कमान पुरी होऊन अवघी चोवीस वर्षं! चोवीस वर्षांत तर तुमची कायम नोकरीही पुरी होत नाही."

काका म्हणाले, "आमची आठच झाली होती, सर." एवढं बोलून ते थांबले. मग म्हणाले, "पण शनिवारवाड्याचं तुम्ही म्हणालात, त्यावर बोलतो. पेशवाई पडली तेव्हा सगळेच रडले असं नाही. 1818 च्या त्याच जानेवारीत, 1 तारखेला, भीमा कोरेगावला लढाई झाली. कंपनीच्या फौजेत महार शिपाई होते. त्यांच्या माणसांना पेशवाईत काय भोगावं लागलं होतं ते तुम्हाला मी सांगायला नको. बाबासाहेब आंबेडकर 1927 साली तिथल्या विजयस्तंभापाशी गेले ते उगाच नाही. आमच्या परळच्या बीआयटी चाळीत राहत होते ते तेव्हा. म्हणून म्हणतो, सत्ता बुडाली हे दुःख की सुख, हे तुम्ही कुठे उभे होतात त्यावर ठरतं. आणि एक सत्ता जाते तेव्हा जागा मोकळी राहते का? दुसरी येऊन बसते. कवितेतल्या वाळवंटात चहूकडे रिकामी वाळू आहे. मुंबईत रिकामी जागा कुणी बघितली आहे?"

बाबांना उत्तर सुचायला वेळ लागला. ते मला म्हणाले, "बघ, रात्रशाळेतली पोरं अशी असायची." त्या आवाजात जे कौतुक होतं ते मी माझ्या परीक्षेच्या निकालांनाही कधी ऐकलं नव्हतं.

तिथून आम्ही घोड्याकडे गेलो. हा खरा काळा घोडा. प्रिन्स ऑफ वेल्स 1875 साली मुंबईला आला होता, तोच पुढे सातवा एडवर्ड झाला. त्याच्या भेटीची आठवण म्हणून आल्बर्ट ससूनने हा ब्राँझचा पुतळा दिला, बोएम या शिल्पकाराने केलेला. 1879 पासून तो फोर्टमध्ये उभा होता. 1965 मध्ये उचलून इथे आणला. मला लहानपणापासून या घोड्याचं एक वाटत आलं आहे आणि ते मी तिथे बोलून दाखवलं: राजा जाऊन इतकी वर्षं झाली तरी त्या चौकाला लोक 'काळा घोडा'च म्हणत राहिले. पुतळा उभा होता तेव्हासुद्धा कुणी 'एडवर्डचा चौक' म्हणत नव्हतं. एवढा खर्च करून राजाला बसवलं आणि लोकांनी नाव ठेवलं जनावराचं. 2017 मध्ये तिथे नवा घोडा बसवला, त्याच्या पाठीवर स्वार नाही.

"हे मला पटतं," काका म्हणाले. "हे शेलीपेक्षा मला जास्त पटतं. इथे वाळूने काही केलेलं नाही. रस्त्यावरून जाणाऱ्या माणसांनी केलं. हमालाने, गाडीवाल्याने. त्यांनी राजाकडे बघितलंच नाही."

"अरे, पण कवितेतही तसा एक माणूस आहे," बाबा पुढे सरसावले. "मूर्तिकार! तुम्ही सगळे राजाकडे बघता. राजाने त्याला कामाला लावलं, मजुरी दिली, आणि त्याने राजाच्या चेहऱ्यावरचा माज जसाच्या तसा दगडात उतरवला. राजाला ते कळलंसुद्धा नसेल. हजारो वर्षांनी प्रवाशाला तोच माज दिसला. मला विचारशील तर त्या कवितेचा नायक तो बिननावाचा कारागीर आहे."

काका आता खरोखर थबकले. "हे तुम्ही तेव्हा वर्गात सांगितलं नव्हतं."

"तेव्हा मला तरी कुठे कळलं होतं. मी तिशीत होतो. मी राजाच बघत होतो."

माझ्या मते इथे बाबांची बाजू वरचढ होती. ती कविता 'राजे मरतात' एवढंच सांगत असती तर दोनशे वर्षं टिकली नसती, कारण ते कुणालाही ठाऊक असतं. मालकाच्या पैशाने, मालकाच्याच तोंडावर, मालकाबद्दलचं खरं कोरून ठेवता येतं, हे तिने सांगितलं. पण काकांचा मूळ प्रश्न त्याने सुटत नव्हता आणि ते पुढच्या अर्ध्या तासात दिसलं.

टॅक्सी करून आम्ही आंबेडकर रस्त्याने उत्तरेकडे निघालो. चिंचपोकळीचा पूल डावीकडे मागे पडला आणि लालबागच्या उड्डाणपुलाखालून जाताना काकांनी खिडकीची काच खाली केली. लालबाग-परळमध्ये गणपतीचे कारखाने आहेत. जूनपासून तिथे मंडप पडतात, आत उंच मूर्ती उभ्या राहतात. बाबांनी तोच धागा धरला. "मूर्तिकारांचंच बोलायचं तर हे बघा. त्या राजांनी पुतळे केले ते कायम राहावेत म्हणून, ते राहिले नाहीत. इथला मूर्तिकार दरवर्षी करतो तेच बुडवायला. तुमच्या लालबागच्या राजाला लोक राजा म्हणतात आणि दहा-अकरा दिवसांनी गिरगाव चौपाटीवर नेऊन पाण्यात सोडतात. 1934 पासून. अनित्यता शिकायला आपल्याला इजिप्तला जायला नको."

"बुडवतो ते परत आणण्यासाठी," काका म्हणाले. "पुढच्या वर्षी लवकर या म्हणतो ना आपण. पण परत आणायला माणसं लागतात, सर. हे मंडळ सुरू केलं ते इथल्या कोळ्यांनी आणि छोट्या दुकानदारांनी, बाजाराला जागा मिळावी म्हणून नवस बोलून. वर्गणी दिली गिरणीकामगाराने. आज ती माणसं आहेत कुठे? नालासोपारा, बदलापूर, नाहीतर गावाला. दर्शनाला येतात, दिवसभर रांगेत उभे राहतात. ज्या रस्त्यावर जन्मले त्याच रस्त्यावर पाहुणे."

एका सिग्नलला गाडी थांबली. उंच काचेच्या इमारतींच्या मधोमध एक गिरणीचं धुराडं एकटंच उभं होतं. आजूबाजूचं सगळं पाडलेलं.

"हे बघा तुमच्या कवितेतले वाळवंटात उरलेले दोन पाय," काका म्हणाले. "फक्त इथे जो पडला तो राजा नव्हता. 18 जानेवारी 1982 ला आम्ही अडीच लाख माणसं बाहेर पडलो. साठाच्या वर गिरण्या बंद. पहिल्या महिन्यात वाटलं, दिवाळीच्या आत मिटेल. मग बायकोने मंगळसूत्र ठेवलं. मग पोरांना गावी पाठवलं. भोंगा वाजायचा बंद झाला तेव्हा कितीतरी दिवस मी पहाटे आपोआप उठून बसायचो, न वाजलेल्या भोंग्याने. आमच्या संपाचे पुढारी डॉक्टर सामंत, त्यांचा 1997 मध्ये खून झाला. संप मागे घेतला असं कुणी अजून म्हटलेलं नाही, म्हणजे कागदावर बघितलं तर मी अजून संपावर आहे. आता सांगा, वाळू कुणावर पडली? मालक बुडाले का? जमीन होती ना त्यांच्याकडे. कापडाची गिरणी होती तिथे दुकानांची गिरणी झाली. नाव बदललं, फाटक बदललं, सत्ता तीच. तुमची कविता म्हणते की बलाढ्य माणसाचं काम नाहीसं होतं. मी सांगतो, नाहीसं होतं ते साचेवाल्याचं काम. मी किती वार कापड काढलं असेल! त्यातला एक तुकडा तरी कुठे असेल का?"

"आणि घराचा अर्ज?" मी विचारलं. मला ठाऊक होतं, तरी विचारलं.

"भरला आहे. दीड लाखाहून जास्त कामगारांनी आणि वारसांनी भरला. घर मिळालं ते दहातल्या जेमतेम एकाला. माझं नाव अजून लागायचं आहे. सर, 1976 साली मी पेपरात वाचलं होतं. तुमच्या त्या रॅमसिसच्या मम्मीला बुरशी लागली म्हणून उपचाराला विमानाने पॅरिसला नेली. विमानतळावर सैनिकांनी सलामी दिली. मेल्यावर तीन हजार वर्षांनी! त्या दिवशी खात्यात मी सगळ्यांना ते वाचून दाखवलं. आमच्यातला एक जण साच्यात हात जाऊन जखमी झाला होता, त्याच आठवड्यात. त्याला न्यायला गाडी वेळेवर आली नव्हती. तेव्हापासून मला ती कविता पटेनाशी झाली."

टॅक्सीत कुणी बोललं नाही. प्रभादेवी स्टेशनची पाटी दिसली तेव्हा बाबा हळूच म्हणाले, "हे एल्फिन्स्टन रोड होतं. त्या इंग्रज गव्हर्नरचं नाव पुसलं गेलं."

"2018 मध्ये," काका म्हणाले. "त्याच्या आदल्या वर्षी, 29 सप्टेंबरला, इथल्याच पादचारी पुलावर 23 माणसं चेंगरून मेली. दसऱ्याच्या आदल्या दिवशी. त्यातल्या किती जणांना एल्फिन्स्टन कोण हे माहीत असेल? त्यांना रुंद जिना हवा होता. सत्तेचं नाव पुसणं सोपं असतं, सर. लोक तेवढ्यावर खूश होतात, म्हणून नावंच पुसली जातात."

वाचकहो, मी दोघांच्यामध्ये बसले होते आणि माझं मन काकांकडे झुकत चाललं होतं. ज्यांना सत्तेची झळ बसत नाही त्यांच्यासाठी 'सारं काही नाशवंत आहे' हा विचार उशीसारखा मऊ असतो. आमच्या गिरगावात असे पुष्कळ सुशिक्षित मी बघितले आहेत. कुठल्याही अन्यायाची बातमी आली की ते 'हेही दिवस जातील' म्हणून चहाचा घोट घेतात. स्वच्छंदतावादी कविता त्यांनी अशीच वाचली, दिलासा म्हणून. पण बाबांनी पन्नास वर्षं ज्या कवींवर प्रेम केलं ते खरोखर एवढंच सांगत होते का, हे मला विचारायचं होतं. विचारावं लागलं नाही.

दादर पश्चिमेला उतरलो. काकांना जुन्या सोबत्यांना भेटायचं होतं आणि आईच्या फोटोसाठी मला हार हवा होता. स्टेशनबाहेर सेनापती बापट मार्गावर उड्डाणपूल आहे, त्याच्या खाली आणि आजूबाजूला फुलांचा, भाजीचा, कपड्यांचा बाजार. पायाखाली देठं आणि चिखल, डोक्यावर पुलावरच्या गाड्यांची धडधड. काकांनी एका खांबाकडे बोट दाखवलं. "इथे बसायचो मी. झेंडू, शेवंती, दसऱ्याला आपट्याची पानं."

बाबा वर बघत होते. "या पुलाचं नाव ठाऊक आहे ना?"

"कवी केशवसुत उड्डाणपूल. असं कसं विसरेन? म्युनिसिपालिटीची गाडी आली की सगळे ओरडायचे, 'केशवसुतखाली गाडी!' की आम्ही टोपल्या उचलून पळायचो."

"केशवसुत," बाबा म्हणाले. "मी तर आपला शेली म्हणतो त्यांना. इंग्रजी कवी वाचून त्यांनी मराठी कवितेचा रस्ताच बदलला. या मुंबईतच किरकोळ मास्तरकी करत दिवस काढले. 'तुतारी' 1893 ची. जुनं मोडून टाका म्हणून हाक देणारी. आणि मजुरावर लिहिणारे आपल्यातले पहिले तेच असतील. 'मजुरावर उपासमारीची पाळी' नावाची कविता आहे त्यांची."

काका हातातली शेवंती चाचपत होते, ते थांबले. "काय नाव म्हणालात?"

"मजुरावर उपासमारीची पाळी."

"आणि ही तुम्हाला तेव्हा माहीत होती? आम्हाला शिकवत होतात तेव्हा?"

"होती."

"मग सर, तुम्ही आम्हाला इजिप्तचा राजा का शिकवलात?"

आवाजात राग नव्हता, म्हणूनच ते ऐकवेना. बाबांनी चष्मा काढला. गर्दी आम्हाला दोन्ही बाजूंनी ढकलत होती. एका फुलवालीने बाबांना बसायला उलटी टोपली दिली, पण ते बसले नाहीत.

"चुकलो," ते म्हणाले. "मला वाटायचं, दिवसभर राबून आलेल्या पोरांना पुन्हा त्यांचंच दुःख काय वाचायला द्यायचं. त्यांना काहीतरी भव्य द्यावं. भव्य म्हणजे राजा, वाळवंट. आणखी एक सांगतो. मी इंग्रजीचा मास्तर होतो, पण शेलीचंसुद्धा मी अर्धंच दिलं तुम्हाला. ऑझिमँडियस लिहिल्यावर पावणेदोन वर्षांनी, 16 ऑगस्ट 1819 ला, मँचेस्टरच्या सेंट पीटर्स मैदानात साठ हजारांची सभा झाली. कितीतरी माणसं हातमागावरची विणकर, सूत कातणारी. पार्लमेंटात आपला माणूस निवडून द्यायचा हक्क हवा होता. घोडदळ तलवारी घेऊन त्यांच्यावर घुसलं. किमान पंधरा मेले, शेकडो जखमी. शेली तेव्हा इटलीत होता. बातमी कळली तसा त्याने एक लांबलचक कविता लिहिली, त्या मेलेल्यांच्या बाजूने, मंत्र्यांची नावं घेऊन. साध्या भाषेत, रस्त्यावर म्हणता यावी अशी. विणकरांवरची कविता होती ती, अरे! आणि मी ती परळमध्ये, मागावर काम करणाऱ्या पोरांना वाचून दाखवली नाही."

"ती कुठे छापली?"

"त्याच 'एक्झामिनर'कडे पाठवली होती. संपादकही तोच, ली हंट. ऑझिमँडियस त्याने लगेच छापली होती. ही मात्र त्याने अडवून ठेवली. छापली असती तर तुरुंगात गेला असता, आधी एकदा जाऊनही आला होता. शेली 1822 मध्ये समुद्रात बुडून गेला. कविता बाहेर आली 1832 मध्ये."

काका बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "म्हणजे मेलेल्या राजावरची कविता लगेच छापली आणि जिवंत सरकारवरची तेरा वर्षं कपाटात ठेवली."

"हो."

"हेच मी सकाळपासून सांगतोय, सर. मला बोलता येत नव्हतं."

मग त्यांनी हाराची दोरी ओढून गाठ मारली, पुडी माझ्या हातात दिली आणि पैसे घेऊ नको म्हणून फुलवालीला दटावलं. काकांनी बाबांचा दंड धरला आणि दोघे स्टेशनच्या पुलाकडे निघाले, मी मागून. आवाज तुटक ऐकू येत होते. काका म्हणत होते, ती मजुरावरची आणायची पुढच्या रविवारी, लालबागला, माझ्या खोलीवर. आमच्यातले चारपाच जण अजून आहेत मजल्यावर, त्यांनाही बसवतो. बाबा म्हणत होते, दोन्ही आणीन, विणकरांवरचीही, मराठीत समजावून सांगीन. डोळे आता चांगले दिसतात.

जिन्याच्या पहिल्या पायरीवर काका पुन्हा थांबले.

"आणि केशवसुतांची? त्यांची तरी वेळेवर छापली गेली का?"

"सुट्या कविता मासिकांतून येत होत्या," बाबा म्हणाले. "पुस्तक हरिभाऊ आपट्यांनी काढलं, 1917 साली."

"तेव्हा ते होते?"

"नाही. 1905 मध्ये हुबळीला प्लेगाने गेले. एकोणचाळीस वर्षांचे होते. पुस्तक त्यांनी बघितलं नाही."